चार बोटं कमी

मी एक जुनी मापाची काठी आहे. मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर ‘कोपर’ नावाचं एक वळण आहे. हात कोपरात दुमडावा तसं ते वळतं, म्हणून ते नाव. त्या वळणापाशी पत्र्याची एक खोली आहे. तिच्या दारामागे मी उभी असायची. वहिनी गेल्या हे मला तिथेच कळलं, आणि माणसांच्या आधी इंजिनांकडून कळलं.

तो रविवार होता. पहिली शर्यत नऊला सुटायची. साडेआठपासून गाड्या गुरगुरत होत्या. वहिनी त्या वळणाच्या पंच होत्या. दर रविवारी आठच्या ठोक्याला त्या दार ढकलायच्या, मला फडक्यानं पुसायच्या आणि म्हणायच्या, “चला बाई, आज कोणाकोणाची भांडणं आहेत बघू.” त्या दिवशी दार हललंच नाही. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. मग एकेक इंजिन बंद पडत गेलं. शेवटचं थांबलं तेव्हा पाखरं ऐकू आली. आमच्या मैदानावर रविवारी सकाळी पाखरं कधी ऐकू येत नाहीत.

मग दार उघडलं. क्लबचे प्रमुख आत आले. त्यांचं टायरचं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना टायरवाले काका म्हणतात. ते वहिनींच्या स्टुलावर बसले आणि चटका बसल्यासारखे उठले. मागून झेंडेवाला आला.

“काय झालं हो काका? वहिनी कुठंयत?”

“गेल्या. झोपेतच. दादा चहा घेऊन उठवायला गेले, तर…”

काकांनी मला उचललं, मोटारीच्या टपावर बांधलं आणि वहिनी-दादांच्या घरी नेऊन दारामागे उभं केलं. तिथून माझी जुनी अस्वस्थता वाढली. मित्रांनो, मला पाय नाहीत, तरी तेव्हापासून मला एका जागी उभं राहवत नाही. त्याचं कारण सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

मी आधी शिडी होते. म्हणजे शिडीचा एक पाय होते. माझ्या अंगावर अजून पायऱ्यांची भोकं आहेत. वीस वर्षांपूर्वी मला सुतारदादांनी शिडीपासून सोडवलं. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. मैदानावरच्या खोल्या, बाकं, पाट्या सगळं त्यांच्या हातचं. वहिनी त्यांचा डबा घेऊन मैदानावर यायच्या आणि डबा खाऊन होईपर्यंत शर्यत बघायच्या.

शर्यत बघता बघता त्यांना भांडणं दिसू लागली. कोपरावर दर रविवारी एकच भांडण. मागची गाडी पुढं जाऊ बघायची, पुढची अडवायची, आणि एक जण वाळूत जायचा. मग दोघे हेल्मेट काढून एकमेकांच्या अंगावर धावायचे.

“जागा दिली होती तुला!”

“कसली जागा? त्यातून मांजर गेलं नसतं!”

निकाल कसा लागायचा माहीत आहे? ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूनं. एकदा वहिनी बाकावरून उठल्या आणि पदरानं हात पुसत म्हणाल्या, “अहो, ओरडताय कशाला? मोजा ना.”

सगळे हसले. टायरवाले काका म्हणाले, “वहिनी, हे काय पडद्याचं कापड आहे?”

“का? डांबरावर चाकाचा काळा ठसा उमटतो. कडेला पांढरा पट्टा आहे. मधे एक गाडी मावते की नाही, एवढंच तर बघायचंय. आमचे हे एका गाडीच्या मापाची काठी करून देतील.”

दादांनी घास गिळला आणि मान हलवली. बायकोनं चारचौघांत शब्द दिल्यावर दुसरं काय करणार?

आता नीट ऐका, कारण माझं सगळं आयुष्य या एका दुपारी ठरलं. आमच्या क्लबच्या सगळ्या गाड्या एकाच मापाच्या असतात, तसा नियमच आहे. त्यामुळे एक गाडी मोजली की झालं. पण शेडमध्ये जी गाडी होती ती ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि तिची चाकं काढलेली होती. दादांनी घडीची पट्टी उघडून तिचं अंग मोजलं, या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत. मेकॅनिक म्हणाला, “चाकं पत्र्याच्या बाहेर येतात हं दादा. चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं.”

“माहीत आहे रे,” दादा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी माझ्यावर गाडीच्या अंगाची खूण केली. पुढं चार बोटं ठेवली आणि दुसरी खूण केली. आणखी चार बोटं ठेवायची बाकी होती. तेवढ्यात वहिनी आल्या. मला काढून घेतल्यावर उरलेली शिडी भिंतीला टेकून उभी होती. एकाच बाजूला पाय आणि त्यातून बाहेर आलेल्या पायऱ्या. वहिनींनी ती उचलली, आडवी धरली आणि म्हणाल्या, “अहो, हा एवढा मोठा कंगवा कोणासाठी केलात? तुमच्यासाठी तर नक्की नाही.”

दादांना तेव्हाच टक्कल पडलेलं होतं. ते असे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. वहिनी तो कंगवा त्यांच्या डोक्यावरून फिरवू लागल्या. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसत दादांनी करवत घेतली आणि शेवटच्या खुणेवर मला कापलं.

मित्रांनो, माझी चार बोटं त्या दिवशी भुशात पडली. ते मला कळलं, पण मला बोलता येत नाही. मी फक्त पुरते किंवा पुरत नाही.

वहिनींनी माझी दोन्ही टोकं लाल रंगवली आणि मनगटात अडकवायला सुतळीचा फास बांधला. पुढच्या रविवारपासून मी कामाला लागले. क्लबनं वहिनींना कोपराचं पंच केलं, कारण काठी त्यांची आणि आवाजही त्यांचा.

नव्या चालकांना त्या खोलीत बसवायच्या आणि टेबलावर साबणाच्या दोन वड्या ठेवायच्या. एक हिरवी, एक पांढरी.

“ही हिरवी तू. पुढं आहेस. मागच्याला अडवायचा तुला हक्क आहे. पण एकदाच. एकदा बाजू बदललीस की तिथंच राहायचं. साप होऊन इकडं तिकडं केलंस तर पहिला काळा झेंडा माझा, म्हणजे शर्यतीतून बाहेर. आता ही पांढरी मागून आली. वळण सुरू होताना तिचं पुढचं चाक तुझ्या दाराशी आलं. मग ती कोण झाली?”

“मागची गाडी.”

“नाही. मागची होती. आता शेजारीण झाली. मागच्याला अडवता येतं, शेजाऱ्याला भिंतीत नाही चिणता येत. त्याला एका गाडीची जागा सोडायची. आणि पांढऱ्या, तू पण ऐक. चाक दाराशी आलेलंच नसेल आणि तू नाक खुपसलंस, तर वाळूत गेल्यावर माझ्याकडं रडत यायचं नाही.”

भांडण झालं की वहिनी वळणावर जायच्या, मला पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या ठशापर्यंत आडवी टाकायच्या. मी मावले तर जागा होती. नाही मावले तर अडवणारा शेवटच्या नंबरावर. मग खोलीत येऊन निकालवहीत दोन ओळी लिहायच्या. आवाज चढवणं बंद झालं. दुसऱ्या क्लबांचे लोक मला बघायला आले. चहाच्या टपरीवर कोणी बाकावर पसरून बसलं तरी बाकीचे म्हणायचे, “सरकतोस, की काठी टाकू?”

सगळे माझं कौतुक करायचे आणि मी आतून पोखरल्यासारखी व्हायची. बहुतेक वेळा माझ्या कमीपणानं काही बिघडत नसे. जागा एकतर भरपूर असायची, नाहीतर अजिबात नसायची. वीस वर्षांत तीनदाच मी जेमतेम पुरले. दोनदा भांडणाऱ्यांनी तिथंच हात मिळवले. तिसऱ्यांदा तसं झालं नाही.

त्याला आता सहा वर्षं झाली. पाववाली नावाची एक चालक होती. तिच्या घरची बेकरी. सकाळी व्हॅननं पाव पोचवायची आणि रविवारी शर्यतीत उतरायची. हंगामाची शेवटची शर्यत, शेवटची फेरी. पुढं वेल्डिंगचं दुकान चालवणारा वेल्डर, मागं ती. सरळ रस्त्यावर वेल्डरनं एकदा बाजू बदलून तिला अडवलं, ते नियमात होतं. मग ती कोपराच्या बाहेरच्या बाजूनं आली. तिचं पुढचं चाक त्याच्या दाराशी होतं, हे खुद्द वेल्डरनंही मान्य केलं. वळणातून निघताना तो तिच्याकडे सरकला. तिचं बाहेरचं चाक पट्ट्यापलीकडे वाळूत गेलं, गाडी दोनदा गरगर फिरली आणि थांबली. कप वेल्डरला मिळाला.

वहिनींनी मला टाकलं. माझं एक टोक पट्ट्यावर, दुसरं टोक ठशाला टेकलेलं. सगळे वाकून बघत होते.

“पुरली,” वहिनी म्हणाल्या. “जेमतेम, पण पुरली. जागा होती, पोरी. तुझी घाई झाली.”

“नव्हती जागा! मी आत बसले होते वहिनी. मला कळतं की नाही माझी गाडी केवढी आहे ते?”

“काठी आहे ना समोर.”

“मग तुमची काठी खोटं बोलते.”

वहिनींचा चेहरा उतरला. “माझी काठी खोटं बोलत नाही,” त्या म्हणाल्या. पाववालीनं हेल्मेट तिथंच वाळूत ठेवलं आणि ती निघून गेली. परत आली नाही.

टोकांचा रंग गेला होता म्हणून वहिनींनी त्या दिवशी मला घरी नेलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभी होते. दादा जेवत होते. वहिनी भांडी घासत होत्या. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, “अहो, काठी नीट मोजली होती ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे असंच. एकदा परत गाडीला लावून बघायची का?”

दादांनी ताट सरकवलं. “तीस वर्षं सुतारकी करतोय मी. एका काठीचं माप मला कळत नाही? जा, लाव जा. सगळ्या गावाला बोलाव बघायला.”

“बरं बाई, चुकलं माझं,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी घासलेलंच पातेलं परत एकदा घासलं. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. फक्त मला टाकण्याआधी त्या क्षणभर थांबायला लागल्या.

वहिनी गेल्यावर दादांना बसवेना. त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. खुर्च्यांचे पाय सारखे केले. मागचं दार थोडं अडकत होतं, त्याला इतका रंधा मारला की आता ते लागतच नाही, वाऱ्यानं आपटत राहतं. चहा दोन कप करायचे आणि दोन्ही गार व्हायचे.

महिन्याभरानं टायरवाले काका आले. “दादा, आम्ही ठरवलंय. वहिनींची काठी क्लबच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवायची. खाली त्यांचं नाव. पेटी तुम्हीच करा.”

दादांना काम मिळालं. चार दिवसांत पेटी झाली. पाचव्या दिवशी ते मला आणि पेटीला घेऊन मैदानावर गेले. वाटेत शेड लागली. एक गाडी उभी होती, चारही चाकांवर. दादांना वाटलं, पेटीत जाण्याआधी हिची आणि गाडीची एकदा भेट घालून द्यावी. त्यांनी माझं एक टोक डाव्या चाकाच्या कडेला लावलं आणि दुसरीकडे जाऊन पाहिलं.

उजवं चाक माझ्या पुढं गेलेलं होतं.

त्यांनी दुसऱ्या गाडीला लावून बघितलं. मग तिसऱ्या. मग ते खाली बसले आणि माझं टोक आणि चाकाची कड यांच्यामध्ये त्यांनी आपली चार बोटं ठेवली. बरोबर बसली.

“अगं…” ते म्हणाले. त्यांना कंगवा आठवला असणार. मला तर आठवलाच.

काकांना त्यांनी सांगितलं तेव्हा काकांनी आधी दार लोटून घेतलं.

“दादा, वीस वर्षं झाली. कोणाला कळतंय? लोक वहिनींचं नाव घेतात. आता हे बाहेर काढलंत तर म्हणतील, बाईनं वीस वर्षं खोटा न्याय केला.”

“तिची चूक नव्हती. माप मी घेतलं होतं.”

“लोक एवढं ऐकून घेतात होय?”

“तिनं मला विचारलं होतं काका. परत मोजूया म्हणाली होती.”

“मग?”

“मी ओरडलो तिच्यावर.”

काकांनी टोपी काढली, परत घातली. “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दादा मला घेऊन बसमध्ये चढले. “आजोबा, भाला उभा धरा, कोणाचा डोळा जाईल,” कंडक्टर म्हणाला. दादा हसले नाहीत. बेकरीत गिऱ्हाइकं होती. पाववाली कोपरापर्यंत पिठानं भरलेली. तिनं दादांच्या आधी मला पाहिलं.

“वहिनींचं कळलं,” ती म्हणाली. “यायला हवं होतं मी. पाय निघाला नाही.” मग माझ्याकडे बोट करून, “ही इथं कशाला?”

“तुझी गाडी आहे अजून?”

गाडी मागच्या अंगणात होती, ताडपत्रीखाली, वर पावाचे रिकामे ट्रे रचलेले. दादांनी ट्रे उतरवले, ताडपत्री काढली आणि मला लावलं. पाववालीनं पाहिलं. खाली वाकून तिनं आपली बोटं मधे घातली. टायरवर पिठाचे ठसे उमटले.

“चार,” ती म्हणाली.

“हो. माझ्यामुळे. तिच्यामुळे नाही.”

ती ट्रेवरच बसली. “सहा वर्षं मला वाटत होतं, आपलीच घाई झाली. वहिनी म्हणाल्या म्हणजे झालीच असणार. दादा, तुम्हाला सांगते, आता मी पावाची व्हॅन चालवतानासुद्धा कोणाच्या पुढं जात नाही. मागचे हॉर्न मारमारून वेडे होतात.”

“परत येशील?”

“कप नको मला. त्या वेल्डरच्या दुकानात त्यात खिळे ठेवतात म्हणे, ठेवू देत. पण निकालवहीत माझं नाव आहे. नव्या पोरांना तो निकाल वाचून दाखवतात ना? असं घुसायचं नाही म्हणून?”

“दाखवतात.”

“तो दुरुस्त करा. मग गाडी काढते.”

दादांनी घरी येऊन माळ्यावरून तो कंगवा काढला. त्याच लाकडाचा चार बोटं तुकडा कापला. कापण्याआधी तीनदा मोजला. सरस लावला, दोन खुंट्या ठोकल्या. नवा तुकडा जरा फिकट दिसतो, पण मी आता पुरी आहे.

रविवारी त्यांनी कोपरावर सगळ्या चालकांना बोलावलं आणि उभ्यानं सांगितलं. कधी मोजलं, काय विसरलं, बायकोनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. मला घट्ट धरून सांगितलं. मग वेल्डर म्हणाला, “मला तेव्हा वाटलं होतं, जरा जास्तच सरकलो म्हणून. पण काठी पुरली, तर म्हटलं असेल जागा.” पाठीमागून कोणीतरी म्हणालं, “म्हणजे दादा, आता दर वळणाला चार बोटं जास्त द्यायची?” त्यावर थोडे लोक हसले, आणि दादाही. वहिनींबद्दल वाईट कोणी बोललं नाही. काचेच्या पेटीत आता चहाचे कप ठेवतात.

मित्रांनो, दुसऱ्याला तू चुकलास असं सांगण्याआधी आपल्या हातातलं माप एकदा तपासा. आणि घरातलं कोणी हळूच विचारलं, नीट मोजलं ना, तर ताट सरकवू नका. उठा आणि मोजा. तेव्हा दहा मिनिटांचं काम होतं.

पाववालीनं गाडीचं इंजिन सुरू करून पाहिलं, असं काका सांगत होते. हंगामाची शेवटची शर्यत पंधरा दिवसांवर आली आहे. निकालवही दादांनी घरी आणली आहे. त्या पानावर वहिनींच्या गोल अक्षरात लिहिलं आहे, ‘काठी टाकली. जेमतेम पुरली. जागा होती.’ रोज सकाळी दादा ते पान उघडतात, पट्टी ठेवतात, पेन्सिलीला टोक काढतात. मग उठतात आणि मागच्या दाराशी काहीतरी करत बसतात.

ती ओळ अजून खोडलेली नाही.